दाराआडची ओळ

"बाबा, तुम्ही नुसते या. काही म्हणजे काही आणू नका," असं माझी मुलगी आर्तिका ब्रिस्बेनहून फोनवर म्हणाली आणि त्याच क्षणी माझं सामान वाढायला सुरुवात झाली.

आर्तिकाला आठवा महिना लागत होता आणि तिच्याकडे बेबी शॉवर होता. आमच्या बेटावर, बा नावाच्या गावाबाहेरच्या वस्तीत फोनवर बोललेलं शेजारी ऐकू जातंच, कारण समुद्रापलीकडे बोलायचं म्हणजे ओरडायला हवं अशी माझ्या पिढीची समजूत. कुंपणापलीकडून वाइसेलेने विचारलं, "सरजूबाबू, शॉवर म्हणजे आंघोळच ना?" वाइसेले आमचा पस्तीस वर्षांपासूनचा शेजारी. जन्माने काईवीती, म्हणजे बेटावरचा मूळ रहिवासी, पण आमची भाषा माझ्यापेक्षा चांगली बोलतो आणि शिव्या तर फारच चांगल्या देतो. "मग आठव्या महिन्यातल्या पोरीला चारचौघांत आंघोळ घालणार? आणि ती बघायला तुम्हाला विमानाने बोलावलंय?"

"आंघोळ नव्हे. वर्षाव. आशीर्वादांचा," मी ज्या अधिकाराने सांगितलं, तो अधिकार फक्त काहीच माहीत नसलेल्या माणसाकडे असतो.

"मग छत्री न्या."

छत्री मी नेणार नव्हतो. मला एकच वस्तू न्यायची होती. ढोलक.

हा ढोलक मी एक्केचाळीस वर्षं मंगळवारच्या मंडळीत वाजवतो आहे. पंडितजी पोथीतली एक ओळ उचलतात, आम्ही ती गातो, ते तिचा अर्थ उलगडतात, आम्ही पुन्हा गातो आणि मघाचीच ओळ आता नवी वाटते. एकेका ओळीत दोन दोन तास जातात. घरी चालत येताना ती ओळ तोंडात उसाच्या करव्यासारखी असते, चावावी तितकी गोड. साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसून मी जन्मभर दुसऱ्यांच्या गोडव्याचे आकडे लिहिले. माझ्या वाट्याचा गोडवा मंगळवारी मिळायचा.

पण मंगळवार सोडून आणखी एका कामाला हा ढोलक जायचा. वस्तीत कुणाकडे मूल झालं की सहाव्या दिवशी बायका जमून जन्माची गाणी, म्हणजे सोहर, म्हणायच्या. माझी बायको सुभागी पुढे होऊन म्हणायची, "ढोलक द्या आणि बाहेर बसा." मग आम्ही पुरुष व्हरांड्यात यंगोनाचं, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या गुंगीच्या पेयाचं, पातेलं मध्ये घेऊन बसायचो आणि आत दार लागायचं. एक बाई ढोलक वाजवी, दुसरी चमच्याने त्याच्या लाकडावर टकटक ताल धरी आणि सुभागीचा आवाज लागला की माझ्या हातातली वाटी तिथेच थांबायची. लाकडी भिंतीतून ऐकून ऐकून मला सगळी गाणी पाठ झाली.

एक ओळ सोडून.

शेवटच्या गाण्याच्या चौथ्या कडव्यात बायका अचानक आवाज खाली आणायच्या. नुसता चमचा ऐकू यायचा. मग एक ओळ कुजबुजत जायची आणि पाठोपाठ असा हशा उसळायचा की व्हरांड्यातल्या वाट्या हलायच्या. मी दर वेळी घरी येऊन विचारायचो, "काय होती ती ओळ?"

"बायकांची आहे."

"बरं, निदान अर्थ?"

"अर्थ कळून काय करायचाय? तुम्ही ताल धरा."

ज्या माणसाने पंडितजींसमोर बसून पोथीतल्या एकेका अक्षराचा रस काढला, त्याला स्वतःच्या घरातली एक ओळ लागू नये, हे मी मनाला फार लावून घेतलं होतं.

सुभागीला जाऊन तीन वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं होतं, तरी एकदा माझा हात धरून ती म्हणाली, "आर्तिकाच्या वेळी ढोलक पोचवा. बाकीचं आपोआप होईल." मी मान हलवली. पण आपोआप कसं होणार? तिच्याबरोबर गाणाऱ्यांतल्या काही देवाघरी गेल्या, उरलेल्या ऑकलंडला आणि सिडनीला. आर्तिका बावीस वर्षांची असताना नर्स होऊन गेली. नवऱ्याशी इंग्रजीत बोलते, मंडळीत कधी बसली नाही. म्हणजे सत्तरेक लेकरांच्या जन्माला वाजलेलं ते गाणं आता फक्त माझ्यापाशी होतं, आणि तेही भोक पडलेलं. माझा व्हिसा दोन आठवड्यांचा. मी पोचेन तेव्हा बाळाला अजून पाच असणार. सहाव्या दिवशी मी असणार नव्हतो. जे व्हायचं ते त्या वर्षावातच व्हायला हवं होतं.

पहिला अडथळा विहीणबाईंनी घातला. जावई शलवीनची आई विद्यावती ही मूळची आमच्याच देशातल्या लबासाची, आता ब्रिस्बेनची, आणि त्या कार्यक्रमाची सर्वाधिकारी. मी फोनवर सोहराचं नुसतं नाव काढलं तर म्हणाल्या, "जन्माआधी सोहर? व्याहीबुवा, तुम्ही भजनी माणूस ना? दृष्ट लागेल!"

"पण विहीणबाई, तुम्ही केक कापणार, फुगे लावणार, बाळाचे कपडे दोरीवर टांगणार. त्याला दृष्ट लागत नाही?"

"ते इंग्रजी आहे," त्या ठामपणे म्हणाल्या. "इंग्रजीला दृष्ट लागत नाही."

मी हे आमच्या पंडितजींना विचारलं. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ विचार केला आणि चहा मागवला.

दुसरा अडथळा बकरीचा. ऑस्ट्रेलियात प्राण्याचं कातडं नेताना कागद दाखवावा लागतो, असं मंडळीतले पेटीवाले हरबन्स यांनी सांगितलं. त्यांची पेटी एकदा तिकडे जाऊन आली होती, त्यामुळे ते या विषयातले जाणकार. "कातड्याच्या पुड्या काढून प्लास्टिकच्या बसवा," ते म्हणाले.

"बकरी काढली तर ढोलकात उरलं काय? पिंप!"

"मग पातेलं आहे म्हणून सांगा," वाइसेले म्हणाला. "शिजवून दाखवा म्हणाले तर मला फोन करा."

मी खोटं बोलणार नव्हतो. देवाची गाणी वाजवायचा ढोलक खोट्या कागदावर नेला तर तो वाजताना मलाच ऐकू येईल. मी शेतकी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने चष्मा पुसून विचारलं, "बकरी कधी मेली?"

"एकोणीसशे एकोणनव्वद."

"कशाने?"

"माझ्या मेहुण्याच्या लग्नाने."

त्याने लेखणी खाली ठेवली. "आजार होता का, असं विचारतोय."

"मेहुण्याला?"

असं करत करत तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला शिक्का मारलेला दाखला मिळाला. तो मी बसथांब्यावर येऊन वाचला. नाव: सरजू प्रसाद. जात: बकरी. वय: अडुसष्ट. अवस्था: पूर्ण वाळलेला, केसरहित. रोगाची लक्षणं: आढळली नाहीत.

मी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि परत आत गेलो. कारकून म्हणाला, "बाबू, अर्जात नाव या रकान्यात तुम्ही स्वतःचं लिहिलंत. बकरीचं लिहायचं होतं."

"बकरीला नाव नव्हतं हो!"

"मग दुरुस्तीचा नवा अर्ज करा. साहेब पुढच्या सोमवारी येतील."

"माझं विमान गुरुवारी आहे."

"मग राहू द्या ना. रोग नाही असं सरकारने लिहून दिलंय. लोक एवढ्यासाठी डॉक्टरकडे जातात."

गुरुवारी ढोलक मांडीवर घेऊन मी विमानात बसलो. ब्रिस्बेनच्या विमानतळावर तपासायला द्यायचं काही 'आहे' आणि 'नाही' अशा दोन रांगा होत्या. मी 'आहे'च्या रांगेत उभा राहिलो. मेजापलीकडे ग्लेनिस नावाची पन्नाशीची बाई होती. तिने दाखला वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मी आपणहून टोपी काढली. तिने डोक्याकडे पाहिलं, पुन्हा दाखला वाचला आणि म्हणाली, "वर्णन जुळतंय, आजोबा."

हसणारी माणसं क्रूर नसतात, या माझ्या समजुतीवर मी निर्धास्त झालो. तिने बकरी तपासली. दिव्याखाली धरली, कडेला केस आहेत का पाहिलं, किडे पाहिले, बोटाने टिचकी मारली. "सुंदर आहे हो. कशासाठी नेताय?"

"माझ्या मुलीचा शॉवर आहे. पहिला नातू किंवा नात."

"अभिनंदन! कातडं ठीक आहे." आणि मग ढोलक हलवताना आतून काहीतरी खरखरलं. तिने दोऱ्या सैल करून डाव्या पुडीखाली दिवा धरला. "आत हे काय लावलंय?"

"मसाला आहे. घुमायला लावतात. डांबर, एरंडेल तेल आणि माती."

"माती?"

"आमच्या विहिरीजवळची. माझी बायको चाळून लावायची."

ग्लेनिसचं हसू हळूहळू मावळलं. ज्या बकरीसाठी मी तीन खेपा घातल्या, स्वतः बकरी झालो, ती सुटली आणि अडकली ती सुभागीच्या हातची मूठभर माती. कारण कातडं चालतं. माती चालत नाही. नियम चुकीचा होता असंही मला म्हणता येईना. माती कुठे काय घेऊन जाते ते मला ठाऊक आहे. मी ती नेमकं त्यासाठीच नेत होतो.

ती म्हणाली, "आजोबा, मसाला खरवडून काढता येईल. पाच मिनिटांचं काम आहे. ढोलक आता घेऊन जा."

मी आत पाहिलं. वाळलेल्या मसाल्यात सुभागीच्या चार बोटांचे फराटे होते. एकाशेजारी एक. तीन वर्षं मी ती पुडी उघडली नव्हती, म्हणून मला माहीत नव्हते.

"खरवडू नका," मी म्हणालो.

"मग इथेच ठेवावा लागेल. परत जाताना न्या."

तिने तो कापडात गुंडाळला, फार जपून, आणि मला पावती दिली. अशा रीतीने मुलीने सांगितलं होतं तसा मी काहीही न आणता तिच्या दारात उभा राहिलो. तिने हातातली पावती वाचायला मागितली, पण मी ती खिशात घातली. "विसरलो ढोलक," असं काहीसं पुटपुटलो. ज्या माणसाने कचेरीत खोटं बोलायचं नाकारलं, तो मुलीशी खोटं बोलला. पंडितजींना हे सांगायचं बाकी होतं.

शनिवारी दुपारी कार्यक्रम झाला. घराच्या मागच्या दिवाणखान्यात तीसेक बायका. मागे बाग आणि मध्ये मोठं सरकतं काचेचं दार. पुरुष बाहेर मांस भाजत होते. मी बाहेर निघालो तर आर्तिकाने हात धरला. "बाबा, इकडे आजोबा आत चालतात." माझ्या छातीवर 'आजोबा' लिहिलेली फीत लावली गेली आणि कॉलरला कपडे वाळत घालायचा चिमटा.

चिमट्याचा खेळ असा: 'बेबी' हा शब्द उच्चारायचा नाही. ज्याने उच्चारला त्याचा चिमटा ऐकणाऱ्याने काढून घ्यायचा. आता बेबी शॉवरला येऊन बेबी न म्हणणं म्हणजे तेराव्याला जाऊन गेलेल्याचं नाव न काढणं. भल्या भल्या बायका पहिल्या पाच मिनिटांत गारद झाल्या. मी मात्र जन्मभर बाळाला 'बाळ' म्हणत आलो. दर दोन वाक्यांमागे म्हणालो, समोरची भारावून 'हो ना, बेबी...' म्हणाली की चिमटा काढून घेतला.

"भाषांतर धरायला पाहिजे," एक बाई चिडून म्हणाली.

"इंग्रजी शब्दाचा नियम आहे," विहीणबाईंनी निवाडा दिला. "आपल्या भाषेत काहीही म्हणा." त्यांचा चिमटाही माझ्याकडेच होता, पण न्याय तो न्याय. एकोणीस चिमटे लावून मी दोरीवरच्या सदऱ्यासारखा दिसत होतो. पूर्ण वाळलेला, केसरहित. बक्षीस म्हणून एक वासाची मेणबत्ती मिळाली. सगळ्या टाळ्या वाजवू लागल्या आणि कुणीतरी म्हणालं, "आजोबांनी दोन शब्द बोलावेत."

मी उभा राहिलो. एक्केचाळीस वर्षं मी बोलणाऱ्याच्या शेजारी बसलो आहे, पण बोललो कधीच नाही. हात खिशात गेला आणि मेणबत्तीऐवजी पावती हातात आली.

"मी खोटं बोललो," मी आर्तिकाला म्हणालो. "ढोलक विसरलो नाही. आईने पोचवायला सांगितला होता. तो विमानतळावर अडकला."

तिने पावती घेतली. अडकवण्याचं कारण वाचलं. "माती," ती म्हणाली. मग अगदी लहान आवाजात, "आई लावायची ती?"

मी मान हलवली. पावतीची घडी घालून तिने ती पोटाजवळ धरून ठेवली.

वर्षावात असे जड क्षण कुणाला परवडत नाहीत. कुणीतरी केकचं बघायला उठलं. आणि मला काय झालं कोण जाणे, समोर भेटवस्तूंत बाळाला न्हाऊ घालायचा पिवळा टब होता, तो मी उपडा करून मांडीवर घेतला आणि हात मारला. आवाज वाईट नव्हता. डावीकडे थोडा घुमतही होता.

"व्याहीबुवा!" विहीणबाई उठल्या. "मी काय सांगितलं होतं?"

"विहीणबाई, बाळाच्या सहाव्या दिवशी मी नसेन. आणि ढोलक तर तसाही आला नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग टबाकडे. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या, पण त्या रागाच्या नव्हत्या; बाई काहीतरी मोजून बघत होती.

"खरंच की," त्या सावकाश म्हणाल्या. "ढोलक आहेच कुठे? हा तर टब. टबावर गायलं तर ते सोहर धरत नाहीत."

"हे कुठे लिहिलंय, आई?" शलवीनने दारातून विचारलं.

"तू भाज तिकडे!" असं म्हणून त्यांनी केकजवळचा मोठा चमचा उचलला, सिल्कच्या साडीनिशी खाली जमिनीवर माझ्यासमोर बसल्या आणि टबाच्या कडेवर टकटक सुरू केली. लबासाचा हात होता तो. एक ठोकाही चुकला नाही.

मी गाऊ लागलो. बायकांचं गाणं, अडुसष्ट वर्षांच्या पुरुषाच्या आवाजात. पहिल्या कडव्याला लाजलो, दुसऱ्याला विसरलो, तिसऱ्याला सुभागी आठवली आणि आवाज फुटला, तरी रेटलं. चौथ्याशी आलो आणि थांबलो. चमचा एकटाच टकटकत राहिला.

"इथे पुढे मला येत नाही," मी म्हणालो. "इथे बायका हळू बोलायच्या. ती ओळ तिच्याबरोबर गेली."

"नाही गेली," आर्तिका म्हणाली.

मी वर पाहिलं.

"बाबा, मी आतच असायचे ना. आईच्या मांडीवर." ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "उठा आता. टब द्या इकडे."

"का?"

"तुम्ही बाहेर गेल्याशिवाय ती ओळ म्हणता येत नाही. आईचा नियम आहे."

"अगं, पण इकडे आजोबा आत चालतात म्हणालीस ना?"

"वर्षावाला चालतात. ह्याला नाही. बाहेर!"

तीस बायका एका सुरात 'बाहेर' म्हणाल्या. त्यांतल्या निम्म्यांना गाणं काय आहे तेही माहीत नव्हतं, पण पुरुषाला बाहेर काढायचं म्हटल्यावर समजायला भाषा लागत नाही. मी एकोणीस चिमट्यांनिशी काचेबाहेर गेलो. जावईबापूंनी खुर्ची दिली. विहीणबाईंनी आतून दार सरकवलं.

टब आता आर्तिकाच्या पुढ्यात होता. आधी चमचा ऐकू आला. मग तिचा आवाज लागला, आणि माझ्या हातातला कप तिथेच थांबला. पहिलं, दुसरं, तिसरं कडवं. चौथ्याला आवाज खाली गेला. तिने पुढे वाकून ती ओळ बायकांना सांगितली. शेजारणीने पलीकडच्या गोऱ्या मैत्रिणीला ती इंग्रजीत करून दिली असावी, कारण तिने दोन्ही हात तोंडावर नेले. सगळ्यांनी मिळून ती कुजबुजत म्हटली. मी कान अगदी सुपाएवढे केले, तरी काही लागलं नाही. आणि मग तो हशा. तोच. काच हलली.

पण आमच्याकडे लाकडी भिंत होती. इकडे काच होती. त्यामुळे चाळीस वर्षांत न दिसलेलं मला त्या दिवशी दिसलं. हसताना त्या सगळ्या माना वळवून बाहेर माझ्याकडे बघत होत्या.

म्हणजे ती ओळ माझ्यावर होती. व्हरांड्यात वाटी धरून, कान लावून बसणाऱ्या कुणावर तरी. सुभागी सत्तर घरांत ती गायली, आणि घरी येऊन मला ताल धरायला सांगत राहिली.

"काय म्हणतायत हो?" शलवीनने विचारलं.

"बायकांचं आहे," मी म्हणालो.

परतताना ढोलक ग्लेनिसकडून घेतला. तिने कापडाची गाठसुद्धा सोडली नव्हती. आता तो माझ्या खोलीत आहे, मसाल्यासकट. बाळाच्या सहाव्या दिवशी आर्तिकाने फोन लावून ठेवला होता. मुलगी झाली. टब वाजला, चमचा वाजला, चौथ्या कडव्याला फोनवर कुणीतरी नेमका हात ठेवला.

मंगळवारी पंडितजींना सगळं सांगितलं, खोट्यासकट. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, काही ओळी ऐकायच्या नसतात, त्यांच्यात असायचं असतं. मग त्यांनी चहा मागवला.

ते बरोबरच असेल. पण मला मात्र एवढंच कळतं, की आमच्या घरात सहा दिवसांच्या त्या मुलीलासुद्धा आता ती ओळ ठाऊक आहे. दाराबाहेर उरलो तो मी एकटा. आणि आत काय चाललंय ते ऐकायला, अजून कान लावून बसलेला.